नानजिंगमध्ये अकरावीच्या मुलांची इंग्रजी चाचणी: परवानग्या, शिक्का आणि लाउडस्पीकर

चीनमध्ये शिकायला येणारी आपल्याकडची मुलं बहुतेक करून एमबीबीएसची. मी भाषाशिक्षणात पीएच.डी. करायला नानजिंगला आले, तेव्हा हॉस्टेल, रेसिडेन्स परमिट, कोर्सवर्क याबद्दल सांगणारे सीनियर भरपूर भेटले. पण शाळेत जाऊन दोनशेवर मुलांची चाचणी कशी घ्यायची, त्यासाठी कुणाच्या दारात आधी उभं राहायचं, हे मराठीत सोडाच, इंग्रजीतही कुणी नीट सांगितलं नाही. आता आकडे हातात आलेत, तर क्रमाने लिहून ठेवते.

विषय ऐकायला सोपा आहे. एकच मजकूर काही मुलांना वाचायला द्यायचा, काहींना ऐकवायचा, आणि समजण्यात किती फरक पडतो ते बघायचं. २०२३ च्या ऑक्टोबरात प्रस्ताव मांडला तेव्हा समितीतल्या एका सरांनी विचारलं, "तुम्ही त्यांचं इंग्रजी तपासणार की परीक्षेचा सराव?" तेव्हा मी काहीतरी उत्तर दिलं. पुढचे सात-आठ महिने त्याच प्रश्नाशी झटापट चालली होती असं आता वाटतं.

सराव म्हणजे काय ते आधी सांगते. इथली गाओखाओ, म्हणजे बारावीनंतरची विद्यापीठ प्रवेश परीक्षा, ७ जूनला सुरू होते आणि इंग्रजीचा पेपर ८ जूनला दुपारी ३ ते ५ असतो. नानजिंग ज्यात येतं त्या जिआंग्सू प्रांतात २०२१ पासून नवी राष्ट्रीय प्रश्नपत्रिका आहे: एकूण १५० गुण, त्यात ऐकण्याला ३०, वाचनाला ५०, भाषेच्या वापराला ३० आणि लेखनाला ४०. ऐकण्याचे वीस प्रश्न, प्रत्येकी दीड गुण. पहिले पाच छोटे संवाद एकदाच ऐकवतात, पुढचे दोनदा. ऐकण्याला तीन पर्याय, वाचनाला चार. ऐकण्याचा भाग चालू असताना परीक्षा केंद्राजवळच्या रस्त्यांवर हॉर्न वाजवायला बंदी असते. आपल्या बोर्डाच्या लेखी पेपरात ऐकण्याचा भागच नसतो, त्यामुळे मला सुरुवातीला याचं फार अप्रूप होतं. ही मुलं दहावीपासून या साच्यात इतके पेपर सोडवतात की प्रश्नाचा आकार बघून उत्तराचा अंदाज बांधतात. त्यांच्यात एक ओळ फिरते: तीन पर्याय लांब आणि एक आखूड असेल तर आखूड निवड, तीन आखूड आणि एक लांब असेल तर लांब. मला ती सगळ्यात आधी माझ्या हॉस्टेलमधल्या चिनी मैत्रिणीने ऐकवली. मी हसले, पण तीच ओळ पुढे कामाला आली.

कागदपत्रं

पहिली गोष्ट प्रस्तावाच्या वेळीच गाईडना विचारा: हा अभ्यास कुणाच्या नावावर होणार? २००४ पासूनच्या नियमांप्रमाणे परदेशी व्यक्तीला किंवा संस्थेला चीनमध्ये थेट सामाजिक सर्वेक्षण करता येत नाही. माझ्या गाईडनी माझं काम त्यांच्या स्वतःच्या प्रकल्पात घेतलं, शाळेशी पत्रव्यवहार त्यांच्या नावाने झाला आणि मी त्यात सहायक संशोधक. मनात थोडं खट्टू व्हायला होतं, पण याला पर्याय नाही, आणि खरं तर शाळेच्या दृष्टीने तेच सोयीचं असतं.

विद्यापीठाच्या नीतिसमितीकडे (एथिक्स कमिटीकडे) डिसेंबरात अर्ज केला. चिनी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत. सोबत चाचणीचा मसुदा, पालकांचं संमतिपत्र, विद्यार्थ्यांचं वेगळं संमतिपत्र आणि माहिती कुठे, किती काळ ठेवणार याचा तपशील. १ नोव्हेंबर २०२१ पासून इथे वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा लागू आहे. चौदा वर्षांखालच्या मुलांची माहिती त्यात संवेदनशील धरली जाते. माझी मुलं सोळा-सतरा वर्षांची, तरी समितीने पालकांची सही मागितलीच. मी नावं घेणारच नाही, फक्त सांकेतिक क्रमांक घेईन, नाव-क्रमांकाची यादी शाळेतच राहील, आणि परदेशी क्लाउडवर काहीही चढवणार नाही असं लिहून दिलं. मंजुरी यायला बराच वेळ लागला, कारण मध्ये सत्रान्त आला आणि लगेच वसंतोत्सवाची सुट्टी. २०२४ मध्ये चिनी नवं वर्ष १० फेब्रुवारीला होतं. जानेवारीच्या मध्यापर्यंत जे कागद हातात येत नाहीत ते फेब्रुवारीच्या शेवटापर्यंत येत नाहीत, हे गृहीत धरून चाला.

शाळा मिळाली ती गाईडच्या जुन्या विद्यार्थिनीमुळे. ती नानजिंगच्या दक्षिणेला एका शाळेत इंग्रजी शिकवते. तरीही उतरंड चुकली नाही: आधी इंग्रजीच्या शिक्षकगटाच्या प्रमुख, मग शिक्षणव्यवस्थेचं कार्यालय, मग उपमुख्याध्यापक. प्रमुख बाई बोलायला मोकळ्या होत्या. त्यांचा पहिला प्रश्न, "बारावी नको ना?" नको म्हटल्यावर त्यांचा चेहरा सैलावला. बारावीच्या मुलांचा एक तास मागणं इथे जवळजवळ उद्धटपणा ठरतो. दहावीची मुलं नुकतीच उच्च माध्यमिकमध्ये आलेली असतात. म्हणून अकरावी.

त्यांची अट एकच होती, मुलांचा वेळ वाया जाता कामा नये. म्हणजे चाचणी संपल्यावर प्रश्नवार निकाल आणि उत्तरांचं स्पष्टीकरण शाळेला द्यायचं. मी लगेच हो म्हटलं. माझी अट होती की चाचणी संध्याकाळच्या स्वाध्यायाच्या वेळेत घ्यायची नाही. ही मुलं सकाळी सातच्या आसपास मोठ्याने वाचायला बसतात आणि रात्री साडेनऊ-दहापर्यंत वर्गात असतात. रात्री आठला ऐकण्याची परीक्षा घेतली तर मी दमणूक मोजेन, इंग्रजी नव्हे.

सहकार्याच्या पत्रावर शाळेचा लाल गोल शिक्का लागतो. सहीला इथे फारशी किंमत नाही, शिक्क्याला आहे. तो सांभाळणारे गृहस्थ प्रशिक्षणाला गेले होते, म्हणून तयार पत्र दहा-बारा दिवस टेबलावर पडून राहिलं. पहिल्याच भेटीत शिक्का कुणाकडे असतो ते विचारून ठेवा. शाळेच्या फाटकावर दरवेळी पासपोर्ट दाखवावा लागतो आणि आतल्या शिक्षकाने आधी नोंद केलेली नसेल तर सुरक्षारक्षक सोडत नाही. पासपोर्ट आणि रेसिडेन्स परमिटच्या झेरॉक्स मी सोबतच ठेवायचे.

पालकांच्या संमतीचा घोळ मजेशीर झाला. वर्गशिक्षिकांनी पत्रक वीचॅटवरच्या पालकांच्या गटात टाकलं. अर्ध्या तासात खाली "मिळालं", "मिळालं", "मिळालं" अशी रांग लागली. शाळेच्या दृष्टीने काम झालं होतं. नीतिसमितीच्या दृष्टीने नव्हतं, त्यांना "मान्य आहे" हवं होतं, तेही सहीसकट. मग कागदी चिठ्ठ्या छापल्या. बरीच मुलं शाळेच्या वसतिगृहात राहतात आणि आठवड्याच्या शेवटी घरी जातात, म्हणून चिठ्ठ्या शुक्रवारी वाटायच्या आणि रविवारी संध्याकाळी गोळा करायच्या. इंग्रजी विषयाचा एक विद्यार्थी प्रतिनिधी प्रत्येक वर्गात असतो, तो गृहपाठ गोळा करतो. त्यांना हाताशी धरलं आणि काम सुरळीत झालं. काही पालकांनी नकार दिला. त्यांच्या मुलांनी त्या तासाला वाचनालयात बसायचं असं आधीच ठरवलं होतं, कारण वर्गात बसवून ठेवलं की ती मुलंही मान खाली घालून पेपर सोडवायला लागतात.

चाचणी तयार करणं

तयार चाचण्या वापरण्याचा मोह मला झाला होता. पण इथल्या मुलांनी जुने पेपर, नमुना पेपर, इतर प्रांतांचे पेपर इतके पाहिलेले असतात की ओळखीचा उतारा निघण्याची भीती असते. म्हणून उतारे स्वतः लिहिले. त्यातला एक कासच्या पठारावर आणि दर सात-आठ वर्षांनी फुलणाऱ्या कारवीवर. आपल्या गावचं कौतुक म्हणून नाही. पांडा किंवा चहावर उतारा दिला तर मुलं आधीच्या माहितीवर उत्तरं देतात, कारवी मात्र कुणालाच माहीत नसणार. पश्चिम घाट २०१२ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आला, एवढी एक तारीख त्यात ठेवली. शब्द त्यांच्या पाठ्यपुस्तकाच्या आवाक्यात ठेवायचे होते. इथे गाओखाओसाठी साडेतीन हजार शब्दांच्या याद्या पुस्तकाच्या दुकानांत ढिगाने मिळतात. त्याबाहेरचा प्रत्येक शब्द एकतर काढला किंवा मजकुरातच त्याचा अर्थ उलगडला.

सगळ्यात जास्त वाद पर्यायांच्या संख्येवर झाला. ऐकण्याला तीन आणि वाचनाला चार पर्याय ठेवले तर नुसत्या अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता एकीकडे ३३ टक्के, दुसरीकडे २५. मग दोन्हींची तुलना कशी करणार? मी दोन्हीकडे तीन ठेवले. शिक्षकगटाच्या प्रमुख बाईंना ते पटलं नाही. त्या म्हणाल्या, "वाचनाला तीन पर्याय म्हणजे मुलं हसतील." मुलं हसली नाहीत, पण प्रमुख बाईंचा मुद्दा मी शोधनिबंधात नोंदवला आहे. साच्यापासून जितकं दूर जावं तितकं मुलांचं बावरणं आकड्यांत मिसळतं. म्हणून बाहेरचं सगळं ओळखीचं ठेवलं: सूचनांची भाषा, प्रश्न वाचायला दिलेला वेळ, मधली घंटी, २बी पेन्सिलीने भरायची उत्तरपत्रिका. बदल केला तो फक्त आत.

उतारा न देता फक्त प्रश्न आणि पर्याय विद्यापीठातल्या पहिल्या वर्षाच्या काही मुलांना सोडवायला दिले. नुकतीच गाओखाओतून बाहेर पडलेली ही मंडळी, लांब-आखूडच्या त्या ओळीत मुरलेली. जे प्रश्न त्यांना उताऱ्याशिवाय सुटले ते मी फेकून दिले किंवा पर्याय एकसारख्या लांबीचे केले. हे काम दोन दुपारचं आहे, चहाच्या पैशांत होतं, आणि माझ्या मते चाचणी बनवणाऱ्या प्रत्येकाने करावं.

ध्वनिमुद्रण विद्यापीठाच्या भाषा प्रयोगशाळेत फुकट झालं, पण त्यासाठी वेळ आठवडाभर आधी राखून ठेवावी लागते. आवाज एका अमेरिकन मुलाचा आणि एका ब्रिटिश मुलीचा. माझा नाही. भारतीय उच्चारांची या मुलांना सवय नाही, आणि माझ्या अभ्यासात तो आणखी एक घटक मला नको होता. कारण अगदी शास्त्रीय आहे, तरी स्वतःच लिहिलेला कारवीचा उतारा दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना जरा चुटपुट लागली.

मार्चमधली पूर्वचाचणी

छिंगमिंग या पूर्वजांच्या स्मरणाच्या सणाच्या सुट्टीआधी, मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, त्याच शाळेतल्या एका वर्गावर पूर्वचाचणी घेतली. हा वर्ग मुख्य चाचणीत नव्हता.

गाओखाओच्या ऐकण्याच्या भागात सुरुवातीला एक नमुना प्रश्न असतो, वर्षानुवर्षं तोच: शर्टाची किंमत किती? उत्तर, नऊ पौंड पंधरा पेन्स. चीनमध्ये हे वाक्य पोरासोरांना पाठ आहे. मी नमुना म्हणून बसच्या वेळेचा प्रश्न घेतला होता. घंटी वाजली, ध्वनिफितीतला आवाज बोलू लागला आणि मागच्या बाकांवरून तीन-चार मुलं एका सुरात म्हणाली, "नाइन पाउंड्स फिफ्टीन पेन्स!" अख्खा वर्ग हसला आणि पहिल्या खऱ्या प्रश्नाचा अर्धा भाग त्यात बुडाला. मुख्य चाचणीत नमुना प्रश्नानंतरची शांतता वाढवली, हसून घ्यायला.

चाचणीनंतर काही मुलांशी चिनीतच गप्पा मारल्या, माझी मोडकी चिनी ऐकून ती जास्त मोकळी झाली. त्यातून जे कळलं ते आकड्यांतून कळलं नसतं. ऐकताना "सातारा" हे नाव आलं की काही मुलं तिथेच अडकत होती. हा इंग्रजी शब्द आहे, आपल्याला येत नाही, असं समजून ती त्याचा अर्थ शोधत बसायची आणि पुढची दोन वाक्यं निसटायची. वाचताना मात्र पहिलं अक्षर कॅपिटल दिसतं, नाव आहे हे कळतं, डोळा पुढे सरकतो. दोन्ही आवृत्त्यांतून सातारा काढला आणि "पश्चिम भारतातली एक टेकडी" केलं. साताऱ्याच्या माझ्या मावशीला हे अजून सांगितलेलं नाही.

प्रश्नांचं विश्लेषण नेहमीसारखंच: किती टक्के मुलांनी बरोबर सोडवला, एकूण चांगले गुण मिळवणाऱ्यांनी तो जास्त सोडवला का, कुठला चुकीचा पर्याय कुणीच निवडला नाही. वाचनाचा विश्वसनीयतेचा आकडा, म्हणजे गुणांवर किती भरवसा ठेवता येईल याचं माप, सुरुवातीलाच ठीक होता, ऐकण्याचा कमी. ऐकण्याचे सुरुवातीचे छोटे प्रश्न जवळपास सगळ्यांना आले होते, आणि जो प्रश्न सगळ्यांना येतो तो मुलामुलांतला फरक दाखवत नाही. ते काढून जरा लांब संवाद घातले आणि पुन्हा ध्वनिमुद्रण केलं. त्यासाठी वेगळे पैसे गेले, तेव्हा बजेटमध्ये दुसऱ्या मुद्रणाची तरतूद आधीच करा.

११ मे

मे महिन्यात इथे १ ते ५ सुट्टी होती आणि तिची भरपाई म्हणून २८ एप्रिलचा रविवार व ११ मेचा शनिवार कामाचे दिवस. शाळेने मला ११ मे दिला. अशा भरपाईच्या दिवशी कुठल्या वाराचं वेळापत्रक चालणार हे शाळा आयत्या वेळी जाहीर करते, त्यामुळे सलग दोन तास इंग्रजीचे आहेत की नाहीत हे मला आठवडाभर आधीपर्यंत माहीत नव्हतं.

अर्ध्या वर्गांना कारवी ऐकायची आणि दुसरा उतारा वाचायचा, उरलेल्यांना उलट. म्हणजे एकाच वेळी दोन वेगळ्या ध्वनिफिती वाजवायच्या. प्रत्येक वर्गातल्या स्क्रीनच्या स्पीकरवर लावल्या असत्या तर शेजारच्या वर्गाचा आवाज भिंतीतून आला असता. शाळेच्या ध्वनिक्षेपण कक्षातले तंत्रज्ञ सर म्हणाले की त्यांच्या यंत्रणेत वर्गांचे गट पाडता येतात. त्यांनी ते पाच मिनिटांत केलं. मी आठवडाभर उगाच वेळापत्रकाचे डाव मांडत बसले होते.

त्याच सरांनी आणखी एक गोष्ट लक्षात आणून दिली. शाळेची घंटा आपोआप वाजते, आणि दुपारी डोळ्यांच्या व्यायामाचं संगीतही त्याच लाउडस्पीकरवरून आपोआप सुरू होतं. दोन्ही त्या वेळेपुरतं बंद करून घेतलं. आवाजाची तपासणी दुपारी करता येत नाही, कारण जेवणानंतर मुलं बाकावर डोकं टेकून झोपतात. आदल्या दिवशी संध्याकाळी मुलं जेवायला गेली तेव्हा आम्ही वर्गावर्गात शेवटच्या बाकावर बसून ऐकलं. एका वर्गाचा स्पीकर खरखरत होता, तो रात्रीत बदलला. पेन ड्राइव्ह व्हायरसच्या भीतीने कक्षात चालत नव्हता, म्हणून फाइल त्या सकाळीच, माझ्यासमोर, त्यांच्या संगणकावर घेतली. आदल्या दिवशी कुणाला पाठवणं बरोबर नव्हतं.

प्रत्यक्ष चाचणी मात्र विशेष काही न घडता पार पडली. इतकी शिस्त मी आयुष्यात कुठल्या परीक्षेत पाहिली नव्हती. ऐकण्याचा भाग सुरू होण्याआधीच्या रिकाम्या वेळात मुलं पेन्सिलीने पर्यायांखाली रेघा मारत, फरकाचे शब्द गोल करत बसली होती. अख्ख्या मजल्यावर फक्त पेन्सिलींचा आवाज. आधी वाचन की आधी ऐकणं हेही वर्गांत अदलून-बदलून ठेवलं होतं. शेवटी एक छोटा कागद दिला. त्यात उताऱ्यांतलेच काही शब्द होते, अर्धे छापलेले, अर्धे फक्त ऐकवायचे. मुलांनी त्यांचे अर्थ चिनीत लिहायचे.

तो छोटा कागदच सगळ्यात बोलका निघाला. छापलेल्या शब्दांचे अर्थ मुलं सहज लिहीत होती. तेच शब्द दुसऱ्या गटाने ऐकले तेव्हा कागदावर बरीच रिकामी जागा राहिली. हे शब्द त्यांना येत नाहीत असं म्हणवत नाही. ती ते डोळ्यांनी शिकली आहेत, यादीतून, बहुतेक वेळा एकदाही न ऐकता. ऐकण्याच्या गुणांतली घसरण किती खरोखर "ऐकण्याची" आणि किती या शब्दांची, हे वेगळं काढणं आता माझ्या प्रबंधाचं मुख्य प्रकरण झालं आहे. तो कागद मूळ आराखड्यात नव्हता. पूर्वचाचणीनंतर घातला आणि त्यासाठी नीतिसमितीकडे दुरुस्तीचा अर्ज करावा लागला. असा अर्ज लहान असतो, आठवड्यात सुटतो. तो केल्याशिवाय एकही नवा प्रश्न घालू नका.

खर्च आणि त्यानंतरचं

दोन्ही आवाजांचं मानधन मिळून ८०० युआन, छपाई आणि संमतिपत्रं साधारण ६००, चिनी मजकूर तपासणाऱ्या वर्गमैत्रिणीला ३००, मुलांना भेट म्हणून पेनं ५०० च्या आसपास. मुलांना पैसे द्यायला शाळेने नकार दिला होता. एकूण २,२०० युआन, तेव्हा युआन साडेअकरा रुपयांच्या आसपास होता म्हणजे पंचवीस हजार रुपये. चीन सरकारच्या शिष्यवृत्तीत पीएच.डी.ला महिन्याला ३,५०० युआन मिळतात, त्या मानाने हा खर्च जड आहे. प्रकल्प गाईडच्या नावावर असल्याचा फायदा इथे झाला, छपाईचा खर्च त्यांच्या निधीतून निघाला. पण त्यासाठी अधिकृत कर-पावती लागते, दुकानदाराची साधी चिठ्ठी चालत नाही. दुकानात शिरतानाच तसं सांगा.

उत्तरपत्रिका शाळेच्याच स्कॅनरवर तपासून झाल्या, सांकेतिक क्रमांकांसकट एक्सेल मिळालं. ७ ते ९ जूनला गाओखाओ, शाळा परीक्षा केंद्र असल्याने अकरावीला सुट्टी, त्यामुळे शाळेला द्यायचा अहवाल मी जूनच्या तिसऱ्या आठवड्यात घेऊन गेले. चिनीत, आठ पानी, प्रश्नवार.

उपमुख्याध्यापकांनी पहिल्याच पानावर विचारलं की कुठला वर्ग पुढे आहे. संमतिपत्रात वर्गांची तुलना करणार नाही असं लिहिलेलं होतं. मी ते पान पुढे केलं, त्यांनी वाचलं आणि विषय सोडला. शिक्षकगटाच्या प्रमुख बाईंना शब्दांच्या कागदात जास्त रस होता. पुढच्या सत्रापासून नवीन शब्दांची यादी आधी ऐकवून मग छापील द्यायचा विचार त्या करत आहेत. त्यांनी दोन्ही ध्वनिफिती सरावासाठी मागितल्या. हीच चाचणी मला शरदात आणखी एका शाळेत घ्यायची आहे, म्हणून आत्ता देता येणार नाहीत असं सांगितलं, आणि जानेवारीत पाठवायचं कबूल करून तसं पत्रावर लिहूनही दिलं. त्या पत्रावर आमच्या विभागाचा शिक्का लागणार आहे. तो कुणाकडे असतो ते मी चौकशी करून ठेवलं आहे.